पूर ओसरल्यानंतर शाळागृह सुकविण्याविषयी

पुराचे पाणी शाळेबाहेर गेले म्हणजे शाळा कोरडी झाली, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः जमिनीवरील पाणी ओसरते, तेव्हा भिंतींच्या पोटातील पाणी तसेच मुरलेले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या पुराने सांगली-कोल्हापूर भागातील अनेक गावे कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण जलमय झाले, परंतु तेथील पाणी त्यामानाने लवकर ओसरले. भिंतीत पाणी किती खोल मुरले, हे पुराच्या उंचीवर जितके अवलंबून असते तितकेच पाणी किती काळ साचून राहिले यावरही असते.

वीट, चुना व माती हे सर्व सच्छिद्र पदार्थ होत. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते, त्याचप्रमाणे भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढते. म्हणून ओल पुराच्या रेषेच्याही वर दिसते. सुकण्याच्या दोन अवस्था असतात. प्रथम पृष्ठभागावरील पाणी वाऱ्याने त्वरित उडून जाते व भिंत कोरडी भासू लागते. नंतर आतील पाणी हळूहळू बाहेर येते. या अवस्थेस आठवडे लागतात, आणि दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीस महिनेही लागतात. या दुसऱ्या अवस्थेत केलेली घाई हेच पुढील बहुतेक नुकसानीचे मूळ असते.

शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी इमारत बाहेरून न्याहाळावी. मातीत बांधलेली भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी उतरल्यावर ढासळते, असे पुष्कळदा घडते. भिंत फुगलेली, कललेली अथवा नव्याने तडकलेली दिसल्यास जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या अभियंत्याने तपासणी करीपर्यंत कोणासही आत सोडू नये. विजेचा पुरवठा बाहेरून बंद करवून घ्यावा व जाणत्या तारतंत्र्याने तपासल्याखेरीज तो पुन्हा सुरू करू नये. अडगळीत साप-विंचू आश्रय घेतात. ती काठीने हलवून मगच उचलावी. सफाईच्या या पहिल्या कामास विद्यार्थ्यांना लावू नये.

गाळ ओला असतानाच काढावा. वाळल्यावर तो दगडासारखा घट्ट होतो. त्यानंतर स्वच्छ पाण्याने फरशी धुऊन ब्लीचिंग पावडरचे द्रावण फिरवावे. हे द्रावण फिनेल, आम्ल वा अन्य कोणत्याही द्रवात मिसळू नये व वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शहाबादी फरशीवर टकटक करून पाहावे. आवाज पोकळ आल्यास खालचा मुरूम वाहून गेला असण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी काही फरश्या उचलून खालचा भाग वाळू द्यावा.

यानंतरचे मुख्य काम वाऱ्याचे. समोरासमोरील दारे-खिडक्या उघडून हवा आरपार वाहू द्यावी. पाऊस कोसळत असताना त्या लावून घ्याव्यात व उघडीप पडताच पुन्हा उघडाव्यात. वीज सुरक्षित ठरल्यावर पंखेही लावावेत. खोली लवकर तापावी म्हणून बंद दारांआड शेगडी पेटविणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे: त्यातून निघणारा विषारी वायू प्राणघातक असतो, आणि उडालेली वाफ बाहेर न जाता पुन्हा भिंतीवरच बसते. कपाटे व बाके भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. आडोशाला बुरशी लवकर धरते.

शाळेच्या भिंतींना खालच्या भागात तैलरंगाचा पट्टा असतो व फळाही पुष्कळदा भिंतीवरच रंगविलेला असतो. हा रंग वाफेची वाट अडवितो, त्यामुळे ओल आतच कोंडते. फुगलेला रंग व सुटलेला गिलावा खरवडून काढावा. ओल बाहेर पडताना पांढरा लोणा धरला, तर तो कोरड्या कुंचल्याने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. बुरशी कापसासारखी लवदार असते, तर लोणा कणीदार असून पाण्यात विरघळतो. या खुणेने दोहोंतील भेद ओळखावा.

पूर बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि १५ ऑगस्ट जवळ आलेला असतो. झेंडावंदनापूर्वी शाळा रंगवावी, अशी गावाची इच्छा असते. ती स्वाभाविकही आहे. परंतु ओल्या भिंतीवरील रंग दोन-तीन महिन्यांत सुटतो, त्याबरोबर गिलावाही सुटतो, व दुरुस्तीसाठी लाभलेला तुटपुंजा निधी वाया जातो. याहून गंभीर गोष्ट ही की, दमट वर्गातील बुरशीने मुलांना खोकला व दमा जडतो किंवा बळावतो. म्हणून झेंडावंदन प्रांगणात करावे व रंग थांबवावा. पुढेही पहिल्या वर्षी चुन्याची सफेदीच द्यावी. ती भिंतीस श्वास घेऊ देते.

भिंत सुकली की नाही हे हाताने समजत नाही. त्यासाठी दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीच्या खालच्या भागास चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा. एका दिवसानंतर कागदाच्या भिंतीकडील बाजूस थेंब आढळल्यास आत ओल आहे असे समजावे व आठवड्याने पुन्हा पाहावे.

ओलीची वरची सीमा आणि प्रत्येक तड्याचे टोक पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी. दर आठवड्यास हेच करावे. ओलीची रेषा खाली उतरत असेल तर काम योग्य मार्गाने चालले आहे. तडा लांबत असेल तर वर्ग तत्काळ रिकामा करून अभियंत्यास कळवावे. काळ्या जमिनीवरील पाया माती सुकून आकसताना खचतो, व तसे घडले की प्रथम तडाच बोलतो. शाळा सुरक्षित ठरल्यावर याच तारखांचा तक्ता वरच्या वर्गांना बाष्पीभवनाच्या पाठात वापरता येईल. आपल्या शाळेची भिंत किती आठवड्यांत सुकली, हे ज्या मुलांनी स्वतः मोजले, ती पुढे आपल्या घराची भिंतही घाईने लिंपणार नाहीत.