हिरवळीतील लव्हाळा

विल्यम केरी यांनी १८२० साली ज्या कोलकात्यात कृषि-उद्यान संस्था स्थापिली, तेथील आर्द्र पावसाळ्यात घरोघरच्या हरळीत लव्हाळा माजतो. त्रिधारी दांड्यावरून तो ओळखावा. नुसता उपटल्यास पाती हाती येतात. जमिनीतील गाठी तशाच राहतात. या गाठी साखळीप्रमाणे जोडलेल्या असून टोकाची वाढती गाठ इतरांना सुप्त ठेवते. साखळी तुटली की त्याही अंकुरतात व एकाची अनेक रोपे होतात. म्हणून माती ओली असताना खुरप्याने खोल खणून गाठींसह तण काढावे. दर दोन-तीन आठवड्यांनी, नव्या गाठी धरण्यापूर्वी, हेच पुन्हा करावे. हरळी फार खुरटी कापू नये. तिच्या दाट छायेत प्रकाशाअभावी लव्हाळा क्षीण होतो.