खणणारा हात, वाचणारा डोळा

बुलढाणा जिल्ह्यातील आम्ही माणसे जमीन खणतो ती विहिरीसाठी, नाही तर घराच्या पायासाठी. इतिहासासाठी खणण्याचा प्रसंग आला तो संग्रामपूर तालुक्यातील भोन गावी. पूर्णेकाठच्या तेथील पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने भास्कर देवतारे यांच्या मार्गदर्शनाखाली २००२ नंतर काही हंगाम उत्खनन केले. भाजक्या विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. मौर्य-सातवाहन काळातले हे गाव!

उत्खनन म्हणजे गुप्तधनाचा शोध नव्हे. मातीचे थर एकावर एक साचतात; खालचा जुना, वरचा नवा. खापर कोणत्या थरात होते, यावरून त्याचा काळ ठरतो. थर न टिपता उचललेले खापर मुके होते. म्हणून हे काम जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. मग सामान्य माणसाचे तेथे काय काम?

बायबलच्या भूमीकडे पाहा. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यावरील उत्खननासाठी १९६३ ते १९६५ या काळात यिगेल यादिन यांनी वर्तमानपत्रांतून स्वयंसेवक मागविले. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, निदान दोन आठवडे राहायचे, तंबूत झोपायचे. तरी २८ देशांतून माणसे आली. जोसेफसच्या ग्रंथात वाचलेली जागा हाताने उकरून पाहावी, अशी ओढ त्यांतल्या कित्येकांना असणार.

आम्ही मजुरांच्या चळवळीतले. आमच्या मनात लगेच हिशेब उभा राहतो: दोन आठवड्यांचा रोज बुडवून कोणता शेतमजूर येईल? त्याच्याकडून फुकट श्रम मागणे आम्हांस मान्य नाही. पण आपल्याकडे उत्खननावर टोपली वाहतो तो बहुधा गावचा मजूरच. तो तेथे आधीच आहे! त्याला रोज द्यावा, आणि संध्याकाळी अर्धा तास थरही समजावून द्यावेत. अहवालात त्याचे नाव यावे. अहवालाचे सार मराठीत गावच्या वाचनालयात यावे.

घाई अशासाठी की, भोनची ही जागा जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात येते. पाणी चढल्यावर तेथले थर कोण वाचणार? इतर गावांच्या पांढरी तर आपणच भिंतीसाठी, शेतासाठी उकरून नेतो. तेव्हा जुनी वीट, नाणे वा मूर्ती दिसली की कुदळ थांबवा, जागा टिपून ठेवा, तहसील कचेरीत कळवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. खणणाऱ्याला वाचता आले, तर पांढर वाचेल.