लेकुरवाळीच्या वाटेवर जहाज

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे माजलगावचं धरण, मांजरा, बिंदुसरा आणि उन्हाळ्यात गल्लीत येणारा टँकर. समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसून मुंबई नाहीतर कोकण गाठायचं. त्यामुळे देवमाशाची आपली ओळख होते ती पेपरातल्या बातमीतून. ‘व्हेल माशाची उलटी जप्त, किंमत कोटींत!’ ही बातमी वाचली की चर्चा होते ती कोटींची. पण ज्या जिवाच्या पोटातून ती वस्तू येते, त्याच्यावर समुद्रात काय वेळ आली आहे हे त्या बातमीत नसतं.

समुद्रातही रहदारी असते आणि तिथेही अपघात होतात. आपल्या हायवेवर रात्रीच्या वेळी हरीण गाडीखाली यावं, तसे देवमासे जहाजांखाली येतात. या अपघातांत विशेष धोका असतो तो पिल्लाला आणि पिल्लासोबत चालणाऱ्या आईला. म्हणूनच हा विषय आपल्या पानावर घ्यावासा वाटला.

मासा नव्हे, दूध पाजणारी आई

नावात मासा असला तरी देवमासा हा मासा नाही. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावंच लागतं. निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. त्याची मादी सुमारे अकरा महिने गरोदर असते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. जन्मतःच ते साधारण ७ मीटर लांब असतं! दिवसाला जवळजवळ २०० लिटर दूध पितं आणि रोज ९० किलोच्या आसपास वजन वाढवतं. सहा-सात महिने ही माय त्याला अंगावर पाजते. दोन बाळंतपणांत दोन-तीन वर्षांचं अंतर असतं. म्हणजे एक आई गेली की तिच्याबरोबर पुढची कितीतरी बाळंतपणंही जातात. हे नुकसान लवकर भरून येत नाही.

पिल्लाची फुप्फुसं लहान. त्याला सारखं वर यावं लागतं. आई त्याला सोडून जात नाही, तीही पाण्याच्या वरच्या थरातच राहते. जहाजाचा तळही नेमका त्याच थरातून पाणी कापत जातो.

एवढा आवाज, मग बाजूला का होत नाही?

हा प्रश्न कुणालाही पडेल. जहाज काही सायकल नाही, गुपचूप यायला. पण त्याचा आवाज येतो मागच्या पंख्यातून. पुढे तीनशे मीटर लांबीचं लोखंडी धूड असतं, ते हा आवाज अडवतं. त्यामुळे जहाजाच्या नाकासमोर जो प्राणी असतो, त्याला आवाज बाजूंपेक्षा कमी ऐकू येतो. शिवाय वर्दळीच्या पाण्यात चारही बाजूंनी इंजिनांची घरघर चालूच असते. धोका नेमका कुठून येतोय ते कळायचं कसं? बसस्टँडवरच्या गोंगाटात आपल्यालाच आपल्या लेकराची हाक ओळखू येत नाही, तिथे त्या मुक्या जिवाचं काय?

बरं, कप्तानानं ब्रेक मारावा म्हटलं तर तेही शक्य नाही. हजारो कंटेनर लादलेलं जहाज थांबायला काही किलोमीटर लागतात. आणि धडक बसली तरी वर काम करणाऱ्यांना बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. मेलेला देवमासा अनेकदा बुडून जातो. त्यामुळे किती गेले याचा खरा हिशेब कुणाकडेच नाही.

मार्च २०१२ मध्ये कोलंबो बंदरात एक जहाज आलं, तेव्हा त्याच्या नाकावर आडवा पडलेला निळा देवमासा होता. जहाज त्याला तसंच घेऊन बंदरात शिरलं होतं. ते फोटो जगभर गेले. एरवी समुद्राच्या पोटात दडून राहणारी गोष्ट त्या दिवशी सगळ्यांना दिसली.

रामसेतू, चीनची खेळणी आणि आपलं स्वयंपाकघर

‘श्रीलंकेत झालं, आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. संबंध आहे. भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये, रामसेतूपाशी, पाणी उथळ आहे. मोठी जहाजं तिथून जाऊ शकत नाहीत. म्हणून चीन, मलेशिया, इंडोनेशियाहून मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला येणाऱ्या मोठ्या जहाजाला श्रीलंकेच्या दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. दिवाळीच्या फराळाला आणलेलं पामतेल, लेकराची बॅटरीवरची गाडी, मोबाइलचं चार्जर... यातलं किती सामान त्या वाटेनं आलं असेल! आणि श्रीलंकेच्या दक्षिणेचा तो समुद्र म्हणजे निळ्या देवमाशांचं चरायचं रान. जगात इतरत्र निळे देवमासे ऋतूप्रमाणे हजारो मैल स्थलांतर करतात, पण इथे ते वर्षभर दिसतात. म्हणजे रहदारीही बारमाही आणि देवमासेही बारमाही.

या देवमाशांसाठी आवाज उठवणारी एक बाई आहे, डॉ. आशा डी व्होस. श्रीलंकेच्या या शास्त्रज्ञ गेली वीसहून अधिक वर्षं निळ्या देवमाशांचा अभ्यास करताहेत. जहाजांच्या धडकेचा प्रश्न त्यांनी आणि इतर अभ्यासकांनी लावून धरला. जहाजांची वाट थोडी दक्षिणेला सरकवा, एवढीच मागणी होती. २०२२ मध्ये एमएससी या जगातल्या बड्या जहाज कंपनीनं आपली जहाजं साधारण १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. सगळ्याच जहाजांनी असं केलं तर धडकेचा धोका ९५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आपल्या अरबी समुद्रात

आता आपल्या किनाऱ्याकडे या. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात, कुणकेश्वरच्या समोरच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह दिसला. केतकी जोग, ईशा बोपर्डीकर, मिहीर सुळे ही तरुण मंडळी तेव्हा होडीतून फिरून कोकणातल्या देवमाशांची आणि डॉल्फिनची नोंद करत होती. त्याच वर्षी जून महिन्यात अलिबागजवळ रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी, वन खात्यानं धडपड केली, पण तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर मेलेला देवमासा आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत अडकलं. सुमारे चाळीस तास माणसं त्याच्यासाठी राबली, बोटीनं ओढून त्याला खोल पाण्यात सोडलं. पण ते परत किनाऱ्याला आलं आणि गेलं. त्याची आई कुठे होती, कुणालाच माहीत नाही.

या सगळ्यांना जहाजानंच मारलं असं म्हणता येणार नाही. आजार, जाळी, वाट चुकणं अशी अनेक कारणं असतात. पण आपल्या समुद्रात देवमासे आहेत आणि त्यांत लेकुरवाळ्याही आहेत, एवढं मात्र यातून नक्की कळतं.

लुबानची गोष्ट तर प्रत्येकीनं ऐकावी अशी. लुबान ही हंपबॅक जातीची देवमाशी. अरबी भाषेत लुबान म्हणजे धूप. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या अभ्यासकांनी तिच्या अंगावर उपग्रहाला खुणा पाठवणारं छोटं यंत्र लावलं. डिसेंबरात ही बाई निघाली ती थेट दीड हजार किलोमीटर अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तिथून खाली दक्षिणेकडे गेली. ओमानच्या आणि भारताच्या समुद्रातले हे देवमासे एकाच कुळातले आहेत, हे तिनं दाखवून दिलं. हे कूळ दक्षिण ध्रुवाकडे जात नाही, अरबी समुद्र हेच त्याचं सासर आणि हेच माहेर. ओमानच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासात त्यांची संख्या शंभराच्याही आत भरली. आणि आखातातून तेल घेऊन आपल्याकडे येणाऱ्या जहाजांचा रस्ताही याच समुद्रातून जातो.

आता पालघर जिल्ह्यात वाढवण इथे नवं मोठं बंदर होतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमार बायाबापड्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तो पोटापाण्यासाठी. बंदर झालं की जहाजं वाढणार. ती कुठल्या वाटेनं आणि किती वेगानं जाणार, हे आधीच ठरवलं तर बरं. नंतर हळहळून काय उपयोग?

उपाय महागडा नाही

या दुखण्यावर औषध साधं आहे. एक, वाट थोडी बदलायची. दोन, वेग कमी करायचा. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात, १० नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. १५ नॉटनं धडक बसली तर देवमासा मरण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. वेग साडेआठ नॉटवर आणला तर तीच शक्यता २० टक्क्यांच्या आसपास येते. आणि उशीर किती होतो? पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात १५ ऐवजी १० नॉटनं गेलं तर तासाभराहूनही कमी! वर इंधन वाचतं ते वेगळंच.

अमेरिकेनं डिसेंबर २००८ पासून राइट व्हेल या दुर्मीळ देवमाशांसाठी ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत ६५ फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची मर्यादा घातली. हे देवमासे चारशेहून कमी उरलेत. पण लहान बोटी या नियमातून सुटल्या. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला जुनो नावाच्या मादीचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू बोटीचा पंखा लागून तोंडाला जखमी झालेलं दिसलं. तशा अवस्थेत ते आईबरोबर पोहत राहिलं आणि मार्चमध्ये किनाऱ्यावर मेलेलं सापडलं. लहान बोटींनाही नियम लावायचा प्रस्ताव २०२२ मध्येच आला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. माणसाला घाई असते ना!

२०२४ मध्ये झालेल्या एका जागतिक अभ्यासात दिसलं, की चार जातींचे मोठे देवमासे जिथे राहतात त्यातल्या ९२ टक्के भागातून जहाजं जातात. सर्वांत धोक्याच्या जागांपैकी सात टक्के जागांवरही कसलं संरक्षण नाही. आणखी फक्त २.६ टक्के समुद्रात वेगमर्यादेसारखे उपाय केले तर या सगळ्या जागा सुरक्षित होतील.

बीडला समुद्र नाही, रस्ते आहेत

मैत्रिणींनो, वेगाखाली जीव जाणं आपल्याला नवं नाही. धुळे-सोलापूर महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. पाटोदा तालुक्यात नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे. माळरानावर हरणं आहेत, कोल्हे आहेत. रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, पण या मुक्या जिवांना रस्ता ओलांडायचं चुकलेलं नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र चालवतं. जखमी, आईवेगळ्या झालेल्या प्राण्यापक्ष्यांना तिथे आसरा मिळतो. समुद्राचं दुखणं समजायला दूर जायची गरज नाही, ते असं उंबऱ्याशीच आहे.

घरातली गाडी चालवणाऱ्याला ‘हळू जा’ असं आपणच तर सांगतो. आपली माणसं सुखरूप परत यावीत म्हणून सांगतो. तो शब्द आता थोडा मोठा करू या. वाटेत कुणाचं तरी लेकरू असतं, कधी दोन पायांचं, कधी चार पायांचं, तर कधी कल्पनेपेक्षा मोठं, दूध पिणारं, पाण्यातलं.

एवढं लक्षात ठेवा

- कोकणात सहलीला गेल्यावर डॉल्फिन बघायला होडीत बसलात, तर होडीवाल्या दादांना ‘पाठलाग नको, हळू चला’ असं आधीच सांगा. पिल्लू असेल तर लांबूनच बघा.
- किनाऱ्यावर जिवंत देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर शेपटी धरून ओढू नका. ओलं कापड टाकून अंग ओलं ठेवा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. गर्दी हटवा, सेल्फी तर नकोच.
- वन खात्याचा टोल फ्री नंबर १९२६ मोबाइलमध्ये सेव्ह करा. रस्त्यात जखमी हरीण, मोर दिसला तरी हाच नंबर.
- ‘उलटी’च्या नावाखाली कुणी झटपट श्रीमंतीचं आमिष दाखवलं तर चार हात लांब राहा. देवमाशाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याच्या उलटीचा व्यापार हा गुन्हा आहे.
- अभयारण्याच्या किंवा माळरानाच्या रस्त्यानं रात्री जाताना गाडीचा वेग कमी ठेवायला सांगा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की मागून दुसरं येतंच, तेव्हा दोन मिनिटं थांबा.