बसरूरची समुद्रयात्रा आणि परतीचा वारा

इतिहासांतील एखादें विधान इतक्या वेळां लिहिलें व वाचिलें जातें कीं, त्याचा अर्थ तपासून पाहावा असें कोणास सुचत नाहीं. शिवाजी महाराजांच्या बसरूरच्या स्वारीविषयीं ग्रँट डफ यानें केलेलें एक विधान अशांपैकींच आहे. डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास रेसिडेंट होता. तेथें त्यानें जमविलेल्या साधनांचा उपयोग करून लिहिलेला त्याचा ग्रंथ १८२६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील मजकुराचा मतितार्थ असा कीं, बसरूरहून परततांना जोराच्या वाऱ्यानें महाराजांचीं जहाजें किनाऱ्याच्या रोखानें खालीं लोटलीं गेलीं; त्या ऋतूंत कित्येक आठवडे सतत वाहणाऱ्या वायव्येच्या वाऱ्यानें त्यांचें परतणें पुष्कळ दिवस लांबलें; आणि यानंतर महाराज स्वतः आरमाराबरोबर पुन्हां कधीं निघाले नाहींत.

प्रस्तुत लेखकानें सांगलीच्या एका शाळेंत तीस वर्षें हा प्रसंग शिकविला. शिकवितांना "दैवानें परतीची वाट अडविली" असें म्हणून पुढील पाठाकडे वळण्याची संवय लागली होती. कृष्णेच्या डोहांत पोहावयास शिकलेला एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजावर अधिकारी झाला आहे. तो रजेवर आला असतां साताऱ्यास घरीं भेटावयास आला, आणि बोलतां बोलतां हा विषय निघाला. तो म्हणाला, "गुरुजी, त्या ऋतूंत वायव्येचा वारा वाहणारच. तो वाहिला म्हणून अपघात झाला असें कसें म्हणावें? मीं तसें म्हटलें तर आमचा कप्तान मला दुसऱ्या दिवशीं पहाऱ्यावर उभें करणार नाहीं." या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. तें शोधण्याचा प्रयत्न पुढें केला आहे. त्यासाठीं प्रथम समुद्रप्रवासाचा बेत जाणता अधिकारी कसा आंखतो, हें समजून घेतलें पाहिजे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें १९९९ मध्यें या बाबतींत एक ठराव करून मार्गदर्शन केलें आहे. त्यांत प्रवासाच्या बेताचीं चार अंगें सांगितलीं आहेत. पहिलें, माहिती गोळा करून तिची पारख करणें. दुसरें, एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंतचा संपूर्ण आराखडा तयार करणें. तिसरें, ऋतु, भरती-ओहोटी व जहाजाची स्थिति पाहून तो अमलांत आणणें. आणि चौथें, जहाज आंखलेल्या मार्गावर आहे कीं नाहीं याची अखंड देखरेख ठेवणें. सामान्यतः दुय्यम अधिकारी आराखडा तयार करतो व कप्तान तो तपासून मंजूर करतो. नकाशा कागदी असो कीं संगणकाच्या पडद्यावरील असो, हा क्रम बदलत नाहीं. या आराखड्यांत वळण घेण्याचीं स्थळें असतात, जेथें जहाजानें कदापि जाऊं नये असे उथळ भाग खुणा करून वेगळे काढलेले असतात, तळाखालीं किती पाणी राहिलें पाहिजे हें ठरलेलें असतें. आणि बेत बिघडल्यास कोठवर मागें फिरतां येईल व कोणत्या बंदरांत आसरा घ्यावयाचा, हेंहि आधींच लिहिलेलें असतें. हें शेवटचें कलम आपल्या विषयास विशेष महत्त्वाचें आहे.

हा विचार केवळ आधुनिक आहे असें नव्हे. आर्यशूराच्या जातकमालेंत भरुकच्छच्या सुपारग नांवाच्या वृद्ध नियामकाची कथा आहे. ताऱ्यांची गति, मासे, पाण्याचा रंग, तळाची माती, पक्षी व खडक यांवरून आपण समुद्राच्या कोणत्या भागांत आहों, हें तो ओळखीत असे. हें चौथें अंग, म्हणजे देखरेख, होय. कौटिल्यानें नावध्यक्षाच्या प्रकरणांत मोठ्या नावांवर शासक, नियामक, दोर सांभाळणारे व पाणी उपसणारे असे लोक नेमावेत, असें सांगितलें आहे. तेथें विषय महानद्यांचा आहे; तथापि हुकूम देणारा व मार्ग ठरविणारा हे दोघे निराळे असावेत ही दृष्टि त्यांत स्पष्ट आहे. आमच्या कोंकणी गलबतांवर तांडेल हा वारा, पाणी व खडक यांचें ज्ञान मुखोद्गत ठेवणारा असे. पाण्याची खोली तो दोरीस बांधलेलें शिसें सोडून वांवांत मोजी. त्याचा आराखडा कागदावर नव्हता, इतकाच भेद.

आतां हें माप बसरूरच्या स्वारीस लावूं. सन १६६५ च्या फेब्रुवारींत महाराज मालवणाहून निघाले. सिंधुदुर्गाचें काम त्याआधीं थोड्याच महिन्यांपूर्वीं, १६६४ च्या नोव्हेंबरांत, सुरू झालें होतें. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत त्या आरमारांत तीन मोठीं जहाजें व पंचायशीं लहान लढाऊ गलबतें असल्याचें म्हटलें आहे. मालवण सुमारें १६ अक्षांशावर व बसरूरचें नदीमुख, म्हणजे कुंदापूर, १३ अंश ३८ कलांवर आहे. सरळ रेषेनें हें अंतर सुमारें १६० सागरी मैल भरतें.

मार्गांतील धोके मोजण्यासारखे आहेत. प्रथम वेंगुर्ल्यासमोरील खडक. ते किनाऱ्यापासून बरेच दूर असल्यामुळें रात्रीं त्यांच्या बाहेरून जावें कीं आंतून, हें आधीं ठरविलें पाहिजे. पुढें गोवें, तेथील किल्ले व फिरंग्यांचें आरमार. त्यापुढें कारवारच्या तोंडाशीं असलेलीं बेटें व अंजदीव. मुरडेश्वरासमोर नेत्राणी बेट. शेवटीं कुंदापूरच्या मुखाशीं वाळूचा बांध. त्यावरून आंत जावयाचें तर भरतीच्या पाण्यावरच जावें लागतें. मुंबईकडे भरती-ओहोटींतील फरक मोठा असतो. दक्षिणेकडे तो कमी कमी होत जातो. म्हणून मालवणच्या भरतीचा हिशेब कुंदापूरास लावून चालत नाहीं. उधाणाच्या दिवसांत जें तारूं आंत जाईल तेंच भांगाच्या दिवसांत वाळूवर बसेल.

जातांना वारा अनुकूल होता. कोंकण व कानडा किनाऱ्यावर माघ-फाल्गुनांत दुपारनंतर वायव्येचा खारा वारा वाहतो, आणि उत्तररात्रीं व पहाटे जमिनीवरून मतलई सुटते. किनारा वायव्य-उत्तरेकडून आग्नेय-दक्षिणेकडे उतरत गेला आहे. म्हणून दक्षिणेस जाणाऱ्या गलबतास दोन्ही वारे उपयोगी पडतात. ताशीं चार सागरी मैलांच्या मध्यम वेगानेंहि १६० मैल चाळीस तासांत तुटतात. शत्रूस वार्ता पोंचण्यापूर्वीं बसरूर गांठणें या कारणानेंच शक्य झालें.

परततांना हेंच गणित उलटतें. शीड कितीहि चांगलें असलें तरी वाऱ्याच्या तोंडावर तारूं सरळ चालत नाहीं. तें एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे असें तिरपें न्यावें लागतें. तें वाऱ्याच्या रोखापासून साठ अंशांवर चालत असेल तर पुढें सरकण्याच्या प्रत्येक मैलास दोन मैल कापावे लागतात. म्हणजे १६० मैलांचे ३२० होतात. आणि तितकेंहि उलट प्रवाहानें मागें लोटलें नाहीं तर. म्हणून उत्तरेस जाणारा तांडेल निराळी रीत धरतो. तो उत्तररात्रीं मतलईवर निघतो, किनाऱ्याजवळून जितकें जातां येईल तितकें जातो, आणि दुपारीं खारा वारा भरला म्हणजे एखाद्या खाडीच्या तोंडाशीं नांगर टाकून बसतो. वल्हीं असलेल्या हलक्या गलबतांस हें साधतें. मोठ्या जहाजांस फार जड जातें. हा विलंब त्या ऋतूचाच भाग आहे. त्यास दैव म्हणतां येत नाहीं.

मग महाराजांनीं काय केलें? इंग्रजांच्या त्याच पत्रावरून असें दिसतें कीं, बसरूर लुटल्यावर ते गोकर्णास स्नानासाठीं उतरले. तेथून बहुतेक आरमार त्यांनीं परत लावून दिलें, आणि केवळ बारा गलबतें जवळ ठेविलीं, तींहि चार हजार पायदळास वाटेंतील नद्या उतरविण्याकरितां. नंतर जमिनीनें अंकोल्यास व तेथून २२ फेब्रुवारीस (हा दिनांक इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या गणनेचा) ते कारवारास आले. गोकर्णाच्या उत्तरेस गंगावळी व कारवारजवळ काळी या नद्या आडव्या येतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या बारा गलबतांचें प्रयोजन उघड होतें.

डफचें विधान व इंग्रजांचें पत्र यांत विरोध आहे असें मानण्याचें कारण नाहीं. वाऱ्यानें कांहीं दिवस घेतले असतील. परंतु त्यापुढें जें घडलें तें हतबल माणसाचें वर्तन नव्हे. पुढें वारा प्रतिकूल आहे, वेळ मोलाचा आहे, आणि फौज जमिनीवर चालूं शकते, असें दिसतांच त्यांनीं फौज व जहाजें वेगळीं केलीं. जहाजें आपल्या गतीनें जावोत, फौजेनें वाऱ्याची वाट पाहूं नये, असा हा निर्णय होता, असें आमचें अनुमान आहे. आजच्या अधिकाऱ्याच्या भाषेंत, बेत बिघडल्यावर पर्यायी आराखडा अमलांत आणिला. वेळ मोलाचा होता हेंहि खरें. कारण मार्चच्या आरंभीं मिर्झाराजे जयसिंग पुण्यास येऊन पोंचले, आणि जूनमध्यें पुरंदरचा तह करावा लागला. अशा वेळीं खाडीच्या तोंडाशीं नांगर टाकून दुपारच्या दुपार घालविणें परवडलें नसतें.

तथापि एक प्रश्न उरतो, आणि तो टाळतां येत नाहीं. परतीचा वारा ठाऊक असतां इतकें मोठें आरमार व स्वतः राजा इतक्या दूर दक्षिणेस जाणें योग्य होतें काय? कडक दृष्टीनें पाहतां यांत धोका होता. ज्या मार्गानें जातां येतें त्या मार्गानें येतां येईलच असें नाहीं, हा समुद्राचा पहिला धडा आहे.

हा धडा मराठी राज्यानें घेतला, असें आज्ञापत्रावरून म्हणतां येतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेला हा राजनीतीचा ग्रंथ सन १७१५ च्या सुमाराचा आहे. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत सांगितलें आहे कीं, वाऱ्याशिवाय हलत नाहींत अशीं अवजड जहाजें करूं नयेत; वारा पडला असतां शत्रु हातीं लागण्याजोगा असला तरी त्याच्याशीं गांठ न घालतां जलदुर्गाच्या आश्रयास यावें; शत्रूचें जहाज शरण आलें म्हणून एकाएकीं त्याच्या जवळ जाऊं नये; आणि पावसाळ्यापूर्वींच आठ-पंधरा दिवस आरमार सुरक्षित बंदरांत छावणीस न्यावें. यांतील प्रत्येक कलम संधीपेक्षां परतीस अधिक मान देतें. आजच्या आराखड्यांत मागें फिरण्याचें स्थळ व आसऱ्याचें बंदर लिहून ठेवितात, त्याचेंच हें जुनें रूप होय.

तात्पर्य, बसरूरची यात्रा दैवानें अडविलेली यात्रा म्हणून शिकवूं नये. जातांना ती ऋतूच्या बळावर झाली, परततांना ऋतूनें आपला कर वसूल केला, आणि नेत्यानें वेळीं मार्ग बदलून नुकसान आटोपशीर ठेविलें, असें सांगावें. तीस वर्षें आम्हीं जें सांगितलें त्याची ही दुरुस्ती आहे. ज्या विद्यार्थ्यांनीं तें ऐकिलें त्यांच्या हातीं हा अंक पडल्यास बरें होईल.

शेवटीं एक विनंति. मालवण, वेंगुर्लें, देवगड, हर्णै येथील जुन्या तांडेलांच्या घराण्यांत वारे, प्रवाह, खडक व पाण्याचे वांव यांविषयीं शब्द व आडाखे अजून ऐकूं येतात. घाटावरील आम्ही मंडळी किल्ल्यांचे कागद जपतों. परंतु ज्या ज्ञानावर आरमार चाललें तें कागदावर फारसें उतरलेंच नाहीं. ज्यांस शक्य असेल त्यांनीं तें त्या वृद्धांच्या तोंडून उतरून घ्यावें. त्यावांचून समुद्रावरील इतिहास आपण किनाऱ्यावर उभे राहूनच लिहीत राहूं.