सुट्या भागांतून लॅपटॉपची जुळणी

टेबलावरील संगणकाचे सुटे भाग बाजारातून आणून तो जुळवून घेण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. टेबलावरील संगणकाच्या पेटीची व मदरबोर्डाची मापे ठरलेली असतात. लॅपटॉप मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने घडविते. त्यातच यंत्र अधिकाधिक पातळ करण्याच्या स्पर्धेत अनेक कंपन्यांनी रॅम मदरबोर्डालाच झाळून टाकली. परिणामी एखादा भाग निकामी होताच सबंध यंत्र अडगळीत पडते.

‘बेअरबोन’ संच हा यावरील एक मार्ग होय. अशा संचात पेटी, पडदा, कळफलक, बॅटरी व मदरबोर्ड बहुधा जोडलेले असतात. प्रोसेसर मदरबोर्डावर पक्का बसविलेला असल्याने त्याची निवड खरेदीच्या वेळीच करावी लागते. रॅम, एसएसडी व ऑपरेटिंग सिस्टीम यांची तरतूद ग्राहकाने स्वतः करावयाची असते. अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये अशा स्वरूपाचा लॅपटॉप बाजारात आणला. सोबत स्क्रू ड्रायव्हरही दिला. २०२२ व २०२३ मध्ये निघालेले तिचे नवे मदरबोर्ड २०२१ च्याच पेटीत बसू शकतात, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

जुळणी अवघड नाही. मात्र ती सावकाश करावी. प्रथम चार्जर काढावा आणि धातूच्या वस्तूस स्पर्श करून अंगातील स्थितिक वीज घालवावी. पेटी उघडताच माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीची जोडणी तोडावी. रॅमची पट्टी खाचेत तिरपी सरकवून, बाजूच्या पकडी बसल्याचा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. डीडीआर ४ व डीडीआर ५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. म्हणून पट्टी बसत नसल्यास जोर करू नये. एसएसडी बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते आणि ती एकाच स्क्रूने पक्की होते. वायफाय कार्डाच्या बारीक तारा मात्र हलक्या हाताने बसवाव्यात. डीडीआर ५ रॅम असलेले यंत्र प्रथम सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्यामुळे घाबरून वीज बंद करू नये. त्यानंतर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालता येते.

असा संच तयार लॅपटॉपहून स्वस्तच पडेल असे नाही. त्याचा खरा लाभ पुढील दुरुस्तीत आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले, तर १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याबाबतचे नवे नियम अमलात आले. या पार्श्वभूमीवर शाळा वा ग्रामपंचायतीसाठी तयार लॅपटॉप घेतानाही तीन प्रश्न अवश्य विचारावेत : रॅम बदलता येते काय? बॅटरी स्क्रूने बसविली आहे की चिकटविलेली? सुटे भाग किती वर्षे मिळतील? या प्रश्नांच्या उत्तरांवरच सार्वजनिक पैशातून घेतलेल्या यंत्राचे आयुष्य अवलंबून राहील.