कर्ता गेल्यावर घरातला पैसा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातली माणसे मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली भागात अशा वेळी वाघाच्या हल्ल्यात कुणी गेल्याचे ऐकू येते. कुठे साप चावतो, कुठे बांधीत वीज पडते. घरातले रडणे थांबायच्या आतच पैशाचे प्रश्न दारात उभे राहतात.

वाघाने माणूस मारला तर राज्य सरकार २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देते. त्यासाठी वन खात्याला लगेच कळवावे. काही रक्कम लवकर हाती येते, बाकीची बँकेत मुदत ठेवीत राहते. या नियमात शहाणपण आहे. एकरकमी पैसा आला की मागणारे हातही येतात. तेरवी थाटात होते, नातेवाइकाला उसने जातात, पोराला मोटारसायकल येते आणि पुढच्या रोवणीला पुन्हा सावकाराचे दार! म्हणून हाती आलेल्या रकमेतून आधी कर्ज फेडावे, वर्षाचे धान्य, बियाणे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च बाजूला काढावा. उरलेल्या पैशाला सहा महिने हात लावू नये. पासबुक बाईच्या नावाचे आणि तिच्याच पेटीत असावे.

साप, वीज, बुडणे, रस्ता अपघात यात शेतकरी दगावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा.

यासाठी कागद लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावी. सातबाऱ्यावर वारस चढवण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा. आपले नाव चढले की नाही, हे दीर-भावांवर न सोडता बाईने स्वतः पाहावे.

पण तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. धानाचे पैसे जमा होतील त्या दिवशी नवराबायकोने मिळून बँकेत जावे. खाते दोघांच्या नावे करावे, वारसदाराचे नाव लिहून द्यावे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. वय ५० च्या आत असेल तर ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमाही मिळतो. कोणता कागद कुठे ठेवला आहे, हे घरधनिणीला आजच दाखवून ठेवावे.