चौथा कधी येणार?

पुणे स्टेशनवर दादरची टॅक्सी चौथा प्रवासी मिळेपर्यंत हलत नसे. तेव्हा मी किती चडफडायचो! पॅराशूट बांधून उडी मारणाऱ्यांचीही हीच गत, हे फार उशिरा कळले. छोट्या सेसना १८२ विमानात वैमानिकाखेरीज साधारण ४ जण मावतात. १०,००० फूट चढायला एकटा असो की चौघे, इंधन जळतेच. चौथा आलाच नाही, तर तिघांनी त्याचे पैसे वाटून घ्यायचे, नाहीतर हिरमुसून घरी परतायचे.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी थेट उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिली उडी घेतली. धाडस त्यांचे एकटीचे. पण त्यांनाही वर न्यायला दुसऱ्या कुणाचे हेलिकॉप्टर लागलेच की! उडी एकट्याची असते, चढण मात्र चौघांची. टॅक्सीतल्या त्या चौथ्याला मी उगाच शिव्या घातल्या.